मोगल राजपुत्रांचे कुमारवय : बुलूग, रुश्द आणि साहस

किशोरवयीन मुलांचे बेधडक वागणे हा आज पालक, शिक्षक आणि मानसशास्त्रज्ञ या सर्वांच्याच चिंतेचा विषय झाला आहे. या वयाचे आधुनिक अध्ययन अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जी. स्टॅन्ली हॉल यांच्या १९०४ साली प्रसिद्ध झालेल्या द्विखंडात्मक ग्रंथापासून सुरू झाले असे साधारणतः मानले जाते. त्यामुळे असाही एक समज रूढ झाला आहे की, त्यापूर्वीच्या समाजांना बालपण आणि प्रौढपण यांच्यामधल्या अवस्थेची वेगळी जाणीवच नव्हती. काल जे मूल होते त्याचे आज लग्न झाले की ते प्रौढ, असाच सगळा मामला होता. इस्लामी फिकह आणि मोगल दरबाराची फारसी साधने एकत्र ठेवून पाहिली तर हा समज टिकत नाही. शरीर वयात येणे आणि बुद्धी वयात येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे तेथे स्पष्टपणे मांडलेले आहे. ते माहीत असूनही दरबाराने आपल्या राजपुत्रांना कसे वाढवले, हा मात्र वेगळा आणि बराच गुंतागुंतीचा प्रश्न आहे.

फिकहमध्ये यासाठी दोन शब्द आहेत : बुलूग आणि रुश्द. बुलूग म्हणजे शारीरिक दृष्ट्या वयात येणे. रुश्द म्हणजे आपले बरेवाईट ओळखण्याची, विशेषतः आपली मालमत्ता नीट सांभाळण्याची समज. या भेदाचा मूळ आधार पवित्र कुरआनातील सूरह निसाच्या सहाव्या आयतीत आहे. अनाथ मुलांच्या पालकांना तेथे असा आदेश आहे की, मुले विवाहयोग्य वयाची होईपर्यंत त्यांची पारख करीत राहावे आणि त्यांच्यात समज आल्याचे दिसले की त्यांची मालमत्ता त्यांच्या हवाली करावी. वय आणि समज अशा दोन अटी येथे आहेत, आणि दुसरी अट पारखून घ्यावयाची आहे.

बुलूगचे वय ठरविताना फकीह ज्या हदीसचा आधार घेतात, ती धोक्याच्या प्रसंगाशीच निगडित आहे हे लक्षात घेण्यासारखे आहे. हजरत अब्दुल्ला इब्न उमर (रजि.) हे उहुदच्या लढाईच्या वेळी चौदा वर्षांचे होते, प्रेषित (स.) यांनी त्यांना लढाईत सामील होऊ दिले नाही. पुढे खंदकच्या वेळी ते पंधरा वर्षांचे झाले होते, तेव्हा परवानगी दिली. ही हकिकत नाफे यांच्याकडून ऐकल्यावर खलिफा उमर बिन अब्दुल अजीज यांनी पंधरा वर्षे हीच लहान आणि मोठा यांच्यातील सीमा मानावी असे आपल्या अधिकाऱ्यांना लिहून कळविले. हनफी पंथात इमाम अबू हनीफा (र.अ.) यांनी, शारीरिक लक्षणे दिसली नाहीत तर, मुलासाठी अठरा आणि मुलीसाठी सतरा वर्षे अशी मर्यादा धरली. त्यांचे शिष्य इमाम अबू यूसुफ आणि इमाम मुहंमद यांनी दोघांसाठी पंधरा धरली, आणि पुढे फतवा याच मतावर दिला जाऊ लागला.

रुश्दच्या बाबतीत गुरुशिष्यांचा मतभेद अधिक उद्बोधक आहे. मुलगा वयात आला पण समज आलेली नाही, तर इमाम अबू हनीफा यांच्या मते त्याची मालमत्ता पंचविसाव्या वर्षापर्यंत रोखून धरावी; त्यानंतर मात्र समज असो वा नसो, ती त्याला द्यावीच. हनफी ग्रंथांतून याचे एक मोठे गमतीदार समर्थन येते. बाराव्या वर्षी वयात आलेला मनुष्य पंचविसाव्या वर्षापर्यंत आजोबा होऊ शकतो, आणि आजोबाला किती दिवस धाकात ठेवणार? दोन्ही शिष्यांना हे मान्य नव्हते. समज येईल तेव्हाच मालमत्ता, मग कितीही वर्षे लागोत, असे त्यांचे म्हणणे. बाराव्या शतकातील मरगीनानी यांच्या ‘हिदाया’त हा सारा वाद नोंदलेला आहे. हा ग्रंथ हिंदुस्थानातील मदरशांत शतकानुशतके शिकविला गेला आणि १७९१ साली चार्ल्स हॅमिल्टन यांनी त्याचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केले. मोगल राज्यातील काझी हनफी मताप्रमाणेच निवाडे करीत. तेव्हा वयात येणे आणि समजूतदार होणे यांच्यामध्ये काही वर्षांचे अंतर असू शकते, ही कल्पना त्या दरबाराला मुळीच अपरिचित नव्हती.

हे अंतर भरून काढण्यासाठी तुर्की-मोगल परंपरेत ‘अतालीक’ नेमण्याची रीत होती. अतालीक हा नुसता शिक्षक नव्हे. अक्षरे शिकवायला मुल्ला वेगळा असे. अतालीक हा अनुभवी सरदार असून तो राजपुत्राबरोबर राही, मोहिमेवर जाई आणि त्याच्या वागण्याची जबाबदारी त्याच्यावर असे. पारख करीत राहण्याची जी कामगिरी आयतीने पालकावर सोपविली, तीच जणू येथे एका पदाच्या रूपाने दिसते.

अकबराचे उदाहरण पाहू. त्याचा जन्म १५ ऑक्टोबर १५४२ रोजी उमरकोट येथे झाला. चार वर्षे, चार महिने, चार दिवस पूर्ण झाल्यावर बिस्मिल्लाहचा मुहूर्त धरण्यात आला, पण ऐन मुहूर्तावर मुलगा खेळायला पळाला आणि शोधूनही सापडला नाही, असे अबुल फज्ल सांगतो. पुढेही त्याचे लक्ष अक्षरांपेक्षा कबुतरे, घोडे आणि कुत्री यांच्यात रमले. १४ फेब्रुवारी १५५६ रोजी कलानौर येथे त्याच्या नावाने खुतबा पढला गेला तेव्हा तो तेरा वर्षे चार महिन्यांचा होता. राज्याचा कारभार अतालीक आणि वकील या नात्याने बैरम खानाकडे आला. अकबर त्याला ‘खान बाबा’ म्हणत असे.

या दोघांमधील बेबनावाची राजकीय कारणे इतिहासाच्या पुस्तकांतून वारंवार येतात : माहम अनगाचा गट, खर्चाला मिळणारे अपुरे पैसे, शेख गदाई यांची सद्र म्हणून झालेली नेमणूक. मात्र साधने वाचताना एक गोष्ट सारखी समोर येते, ती म्हणजे हत्ती. १५५७ मध्ये मानकोटच्या मोहिमेनंतर अकबराने लावलेली हत्तींची झुंज आजारी बैरम खानाच्या तंबूजवळ येऊन पोचली, आणि हा आपल्यावरचा डाव आहे असा संशय खानाने घेतला. पुढे अकबराच्या एका अनावर हत्तीने खानाचा हत्ती मारला, तेव्हा खानाने बादशाही माहुतालाच ठार करविले. मुलाला शिक्षा करता येत नव्हती म्हणून माहुताला केली, असाच याचा अर्थ लावावा लागतो. १५६० च्या वसंतात अकबराने कारभार स्वतःकडे घेतला. तो तेव्हा सतरा वर्षांचा होता. हजच्या वाटेवर निघालेल्या बैरम खानाची ३१ जानेवारी १५६१ रोजी गुजरातेत पाटण येथे हत्या झाली. त्याचा चार वर्षांचा मुलगा अब्दुर्रहीम याला अकबराने दरबारात आणून वाढविले. हे नाव पुढे पुन्हा येणार आहे.

अतालीक दूर झाल्यानंतरच्या दोन वर्षांत या तरुण बादशहाने स्वतःचा जीव जितक्या वेळा धोक्यात घातला, तितका तो पुढच्या आयुष्यात क्वचितच घातला असेल. आग्र्याच्या किल्ल्याबाहेरील चौगानच्या मैदानावर तो ‘हवाई’ नावाच्या मस्तीत आलेल्या हत्तीवर चढला आणि त्याने त्याची ‘रणबाघा’शी झुंज लावली. सरदारांची गर्दी जमली होती. कोणाचे काही चालेना, तेव्हा अतगा खान शम्सुद्दीनला बोलावून आणले. त्याने डोक्यावरची पगडी काढून गयावया केली. अकबराने उलट त्यालाच बजावले की, हे थांबवले नाही तर मी आत्ता हत्तीवरून खाली उडी टाकीन. रणबाघा हरला आणि यमुनेकडे पळाला, हवाई त्याच्या मागे, आणि दोन्ही जनावरे होड्यांच्या पुलावर. पूल वरखाली होत होता, सेवक दोन्ही बाजूंनी पाण्यात उड्या टाकून पोहत होते. बसावन आणि चेतर यांनी काढलेले या प्रसंगाचे जोडचित्र लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. चित्रातही हत्तींइतकीच नजरेत भरते ती भोवतालच्या माणसांची त्रेधा.

त्याच वर्षी माळव्याची दौड झाली. सारंगपूरला बाज बहादुराचा पराभव केल्यावर आधम खानाने लूट स्वतःकडेच ठेवली. हे कळताच अकबर एप्रिल अखेर थोड्या लोकांनिशी आग्र्याहून निघाला आणि मे महिन्याच्या मध्यास सारंगपुरावर इतक्या अनपेक्षितपणे येऊन थडकला की माहम अनगाचा निरोपही मुलापर्यंत त्याच्या आधी पोचू शकला नाही. परतताना ग्वाल्हेरच्या दक्षिणेकडील नरवरच्या रानात बछड्यांसह एक वाघीण आडवी आली, तेव्हा त्याने पायउतार होऊन तलवारीच्या एका घावात तिला मारले. त्याच सुमारास आग्र्याजवळ बहराइचला जाणाऱ्या यात्रेकरूंच्या गर्दीत तो वेश पालटून रात्री हिंडत होता. एका गुंडाने ओळखल्यासारखे केले, तेव्हा त्याने डोळे तिरळे करून चेहराच असा बदलला की तो मनुष्य फसला. पुढील वर्षी साकीट परगण्यातील परोंख गावी दरोडेखोरांच्या घराची भिंत हत्तीने फोडताना त्याच्या ढालीवर सात बाण बसले, त्यांपैकी पाच आरपार गेले.

या साऱ्याचा अर्थ काय लावायचा? अबुल फज्लने तो ईश्वरी कृपेच्या भाषेत लावला आहे. तो स्वतः १५७४ मध्ये दरबारात आला, म्हणजे यांतील एकही प्रसंग त्याने पाहिलेला नाही, आणि बादशहाचे थोरपण सिद्ध करणे हे त्याचे कामच होते. तरीही त्याने नोंदवलेले एक संभाषण महत्त्वाचे आहे. मस्त हत्तीवर आपण जाणूनबुजून चढत होतो, आपल्या हातून ईश्वराला न आवडणारे काही घडले असेल तर या हत्तीनेच आपला निकाल लावावा, त्याच्या अवकृपेखाली जगण्याचे ओझे आपल्याला सहन होणार नाही, अशा आशयाचे बोलणे अकबराने पुढे प्रौढपणी त्याच्याजवळ केले. हे बोलणे उत्तरायुष्यातील आहे आणि आठवण मागाहून अर्थ जोडीत असते, हे मान्य केले तरी येथे नुसती मस्ती नव्हती असे दिसते. ज्याला वडिलांचा मृत्यू, ताज, अतालीकाशी विरोध आणि अतालीकाची हत्या हे सारे पाच वर्षांच्या आत पाहावे लागले, त्या मुलाच्या मनात आपल्या असण्याला परवानगी आहे की नाही हा प्रश्न उठणे अस्वाभाविक नाही.

शिवाय याच मुलाची विचारशक्ती याच वर्षांत काय करीत होती तेही पाहिले पाहिजे. युद्धात पकडलेल्यांच्या बायकामुलांना गुलाम करण्याची चाल त्याने १५६२ मध्ये बंद केली. १५६३ मध्ये यात्रेकरूंवरील कर उठविला, १५६४ मध्ये जिझिया. हे निर्णय एकोणीस ते एकवीस या वयातले आहेत, आणि त्यांत उतावीळपणाचा मागमूस नाही. उलट १६ मे १५६२ रोजी आधम खानाने अतगा खानाचा खून केल्यावर त्याला गच्चीवरून खाली फेकायला लावणारा, आणि जीव राहिला म्हणून पुन्हा वर आणवून फेकवणारा तरुण हाच होता. एकाच माणसात, एकाच वर्षात, दोन्ही.

आजच्या संशोधकांना यात आश्चर्य वाटणार नाही. शांतपणे बसून विचार करावयाचा असेल तर सोळाव्या वर्षाच्या सुमाराची मुले प्रौढांच्या फारशी मागे नसतात. भावना पेटलेल्या असताना आणि बरोबरीचे लोक पाहत असताना मात्र चित्र पालटते, असे लॉरेन्स स्टाइनबर्ग आदी मानसशास्त्रज्ञ सांगतात. मार्गो गार्डनर आणि स्टाइनबर्ग यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात १३ ते १६, १८ ते २२ आणि २४ वर्षांवरील अशा तीन गटांना संगणकावर मोटार चालविण्याचा खेळ दिला होता. एकट्याने खेळताना गटांमध्ये फारसा फरक नव्हता. मित्र शेजारी उभे राहिले की सर्वांत लहान गटाचा धोका पत्करण्याकडील कल एकदम वाढला, आणि मोठ्यांवर फारसा परिणाम झाला नाही. अर्थात अमेरिकेतील प्रयोगावरून सोळाव्या शतकातील बादशहाचे मन वाचता येत नाही. तरी चौगानच्या मैदानावरची गर्दी आठवल्यावाचून राहत नाही.

अकबराने आपल्या मुलांना मात्र अतालीकाविना ठेवले नाही. सलीम १५६९, मुराद १५७० आणि दानियाल १५७२ साली जन्मला. सलीमच्या अतालीकांमध्ये बैरम खानाचा पोरका झालेला मुलगा, खानखानान अब्दुर्रहीम, हाही होता. १५८० च्या फेब्रुवारीत गोव्याहून फत्तेपूर सिक्रीला पोचलेल्या जेझुइट पाद्र्यांपैकी फादर मोन्सेरात याच्याकडे मुरादच्या शिक्षणाचे काम सोपविले गेले. शिष्य हुशार आणि गुणी असल्याचा त्याचा अभिप्राय आहे. पुढच्याच वर्षी हा अकरा वर्षांचा मुलगा काबुलच्या मोहिमेत आघाडीच्या फौजेचा नामधारी सेनापती होता.

सलीमने, म्हणजे जहांगीर बादशहाने, आपल्या व्यसनाची हकिकत आत्मचरित्रात स्वतःच लिहून ठेवली आहे, आणि इतक्या प्रांजळपणे स्वतःविरुद्ध साक्ष देणारा दुसरा बादशहा शोधून सापडणार नाही. लहानपणी खोकल्यावर औषध म्हणून दोनतीनदा घोटभर दिली होती ती सोडल्यास अठराव्या वर्षापर्यंत त्याने दारूला स्पर्श केला नव्हता. अटकेच्या मुक्कामी शिकारीहून थकून आल्यावर उस्ताद शाह कुली नावाच्या तोफचीने सुचविले की, एक प्याला घेतला तर शीण जाईल. हकीम अलीकडून दीड प्याला गोड, पिवळसर मद्य आले. ते आवडले. पुढच्या नऊ वर्षांत प्रमाण वाढत जाऊन दोनदा गाळलेल्या अर्काचे रोजचे वीस प्याले झाले, चौदा दिवसा आणि उरलेले रात्री. हात इतके कापू लागले की प्याला दुसऱ्याने तोंडाला लावावा लागे. हकीम हुमामने स्पष्ट सांगितले की, आणखी सहा महिने असेच चालले तर इलाज राहणार नाही. मग त्याने सात वर्षे घालवून प्रमाण हळूहळू खाली आणले.

भावांना ते जमले नाही. दख्खनच्या मोहिमेवर अहमदनगरच्या वेढ्यात चांदबिबीसमोर अपेशी ठरलेला मुराद १५९९ च्या मे महिन्यात जालन्याच्या परिसरात पूर्णा नदीकाठी वारला. त्याला परत नेण्यासाठी पाठविलेला अबुल फज्ल छावणीत पोचला तो ऐन अखेरच्या वेळी. दानियालचा शेवट १६०५ मध्ये बुऱ्हाणपुरास झाला. बापाच्या हुकुमावरून अब्दुर्रहीमने त्याच्यावर पहारे बसविले होते. तो दानियालचा सासराही होता. दानियालने आपल्या आवडत्या बंदुकीच्या नळीतून दारू आणविली, आणि नळीतली बारूद व गंज उतरलेली ती दारू पिऊन तो अंथरुणाला खिळला, असे जहांगीर सांगतो. या दोघांचे मृत्यू कुमारवयातले नाहीत, अठ्ठावीस-तिसाच्या पुढचे आहेत. पण अटकेच्या मुक्कामावरून सुरू झालेली वाट कोठवर जाते ते त्यांच्यावरून कळते. तिघांनाही अतालीक होते, हकीम होते. थकलेल्या मुलाला प्याला सुचविणारा आणि पहाऱ्यातून बंदूक नेणारा मात्र रोजच्या बैठकीतला, सोबतीचा माणूस होता.

स्वतः एवढे भोगलेल्या जहांगीरने आपल्या मुलाला काय शिकविले? १६१६ च्या जानेवारीत अजमेर येथे शाहजादा खुर्रमच्या वाढदिवसाच्या तुलादानप्रसंगी त्याने पाहिले की चोवीस वर्षांचा, बायकामुले असलेला हा मुलगा अजून दारू प्यालेला नाही. बापाने आग्रह करून ती पाजली. सणासुदीला प्यावी, बेतानेच प्यावी, असा उपदेशही केला आणि त्यासाठी इब्न सिनाचा दाखला दिला. खुर्रमने नाखुशीनेच ती घेतली असे जहांगीर नमूद करतो. अबू हनीफांनी घातलेली पंचविसाची मर्यादा अगदी एका वर्षावर आली होती, आणि या वेळी अविचार मुलाचा नव्हता. खुर्रमने पुढे तिशीच्या उंबरठ्यावर, दख्खनच्या दुसऱ्या मोहिमेवर जाताना चंबळेच्या काठी, मद्य नदीत ओतवून आणि प्याले फोडवून दारू सोडली.

हाच खुर्रम शाहजहान म्हणून तख्तावर असताना १६३३ च्या उन्हाळ्यात आग्र्याला यमुनेच्या वाळवंटात ‘सुधाकर’ आणि ‘सूरत सुंदर’ या हत्तींची झुंज लावण्यात आली. तिघे राजपुत्र घोड्यांवरून अगदी जवळ जाऊन पाहत होते. सुधाकर अचानक औरंगजेबावर चालून आला. सौर गणनेने तो साडेचौदा वर्षांचा होता, चांद्र गणनेने जेमतेम पंधरा, म्हणजे फिकहप्रमाणे बुलूगच्या रेषेवर. त्याने घोडा आवरला आणि हत्तीच्या कपाळावर भाला फेकला. हत्तीने घोडा पाडला तेव्हा तो तलवार उपसून उभा राहिला. शुजा मदतीला धावला, पण त्याचा घोडा उधळून तो पडला. राजा जयसिंहही पुढे आला. शेवटी सूरत सुंदर परत फिरल्यामुळे सुधाकर पळाला. बापाने मिठीत घेऊन अविचाराबद्दल टोकले, तेव्हा यात मरण आले असते तरी लाज नव्हती, लाज वाटण्यासारखे भावांनीच केले, अशा अर्थाचे उत्तर मुलाने दिले. शुजाला हे लागू होत नव्हते. टोमणा बहुधा दारासाठी होता.

त्यानंतर लवकरच भर दरबारात औरंगजेबाची सोन्याने तुला झाली, त्याला ‘बहादुर’ हा किताब आणि तोच सुधाकर हत्ती देण्यात आला. अविचाराबद्दल बोलणी खाल्लेल्या कृत्याचे हे बक्षीस होते. ज्या वयाच्या मुलाला बरोबरीच्यांचे पाहणेच चेतवीत असते, त्याच्यापुढे येथे सारा दरबार पाहायला बसला होता, आणि बापासकट सर्वांनी वाहवा केली.

दोन वर्षांनी, १६३५ च्या सप्टेंबरात, ओरछाच्या जुझारसिंह बुंदेल्यावर फौज पाठविण्यात आली. तीन अनुभवी सरदार तीन बाजूंनी निघाले; त्यांच्यात एकवाक्यता राहावी म्हणून सोळा वर्षांच्या औरंगजेबाला त्यांचा सरसेनापती नेमण्यात आले. सरदारांनी त्याला विचारल्याशिवाय काही करू नये, असा हुकूम होता. शाहजाद्यासाठीही हुकूम होता : त्याने फौजेच्या बऱ्याच मागे राहावे.